धारप-मतकरी वाचून झाले, आता पुढे काय?

वाळवी

मंडळी, मदत हवी आहे. भयकथा आणि गूढकथा हे माझं जुनं व्यसन. शाळेत असताना लायब्ररीतला नारायण धारपांचा कप्पा उपसला, मग रत्नाकर मतकरी. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम', 'रंगांधळा', सगळं झालंय, काही तर दोनदा. आता नवीन काही हाताला लागत नाहीये आणि इंटरनेटवरच्या 'सत्य घटनेवर आधारित' गोष्टी वाचून फक्त शुद्धलेखनाची भीती वाटते.

दुसरी मागणी माझ्या भाचीची. नववीत आहे. जादूगार, ड्रॅगन, तलवारी असली सहाशे-सहाशे पानी इंग्रजी पुस्तकं फस्त करते. परवा मला म्हणाली, "मावशी, मराठीत असं अख्खं जग उभं केलेलं पुस्तक नाही का? पहिल्या पानावर नकाशा असतो तसं?" मी चांदोबापर्यंत आले आणि गप्प बसले.

तर भयकथा सुचवा आणि अद्भुतही सुचवा. भयकथेत रक्ताचा चिखल नको. अद्भुतात मराठी असेल तर सोन्याहून पिवळं, अनुवाद चालेल, परभाषाही चालेल. नुसती नावं टाकून पळू नका, का वाचावं ते दोन ओळी लिहा. आणि शेवट फोडाल तर बघा.

पारावरचा_मुंजा

हजर! विषय आमच्या घरचाच आहे.

हृषीकेश गुप्ते वाचलेत का? 'अंधारवारी', 'घनगर्द', 'दैत्यालय' यांपासून सुरुवात करा. मग 'दंशकाल'. जाडजूड आहे आणि भुताची कादंबरी समजून उघडलीत तर आधी एक घराणं भेटेल. भाऊ, काका, आजी, वाडा, जमीन. भीती कुठून येते हे कळेपर्यंत अर्धं पुस्तक झालेलं असतं. 'हाकामारी' त्या मानाने लहान, एका बैठकीत होते. ज्यांच्या घरी कुणी रात्री उठून आतल्या खोलीतून हाक मारतं त्यांनी दिवसा वाचावी.

तळटीप

धारपांचं नाव आलंच आहे तर बोलून टाकतो. मूळ इंग्रजी वाचल्यापासून मला धारप वाचवत नाहीत. 'लुचाई' म्हणजे स्टीफन किंगची १९७५ची 'सालेम्स लॉट', 'शपथ' म्हणजे त्याचीच १९८६ची 'इट'. वाळवी, तुम्हाला इंग्रजी चालत असेल तर सरळ किंग वाचा. रूपांतराला नावं ठेवत नाही, पण वाचकाला ते ठळकपणे सांगायला हवं होतं.

जुनाबाजार

तळटीप, सांगायला हवं होतं हे शंभर टक्के मान्य. पण 'सरळ किंग वाचा' यावर थोडं थांबूया.

'सालेम्स लॉट' अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका लहान गावाची गोष्ट. तिथे रक्तपिपासू येतो तेव्हा गावाकडे हत्यारं कोणती? क्रॉस, पवित्र पाणी, चर्चचा पाद्री. पाद्रीची श्रद्धा डळमळली की हातातला क्रॉसही निकामी होतो, तिथे त्या कादंबरीचा जीव आहे. आता हे गाव उचलून महाराष्ट्रात ठेवा. क्रॉसचा उपयोग शून्य. मग सामना कशाने करायचा? गावात देव भरपूर, पण कुणाचा अधिकार चालणार? कोणाला तो अधिकार मिळालाय, आणि त्यासाठी त्याने काय मोजलंय? या प्रश्नाला धारपांना स्वतःचं उत्तर शोधावं लागलं. त्यांचा 'समर्थ' हाच त्या उत्तराचा मोठा भाग आहे. साधना केलेला, तरी घरात येऊन बसला तर चहा घेईल असा माणूस. समर्थकथा वाचल्या नसतील तर त्या आधी घ्या, ताई. धारपांचं सगळं झालं असं म्हणू नका, रद्दीत अजून नवी नावं सापडतात.

आणि उसनवारीचंच बोलायचं तर दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून रचलेल्या कादंबऱ्या आपल्या पणजोबांनी उशाशी ठेवून वाचल्या. आपल्याकडे हे दुकान फार जुनं आहे.

वऱ्हाडी_ठेचा

जुनाबाजारभाऊ, याला पुरावा देतो. 'तुंबाड' पाहिला ना सगळ्यांनी? २०१८ साली आला तेव्हा थेटरात कुत्रं नव्हतं, २०२४ ला पुन्हा लावला तर हाऊसफुल. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना त्याचं बीज मिळालं ते आमच्या नागझिऱ्याच्या जंगलात. १९९३ मध्ये एका मित्राने तिथे त्यांना धारपांची गोष्ट सांगितली. आता रात्री नागझिऱ्यात गोष्ट ऐकायची म्हणजे काय ते तिकडे राहिलेल्यालाच कळते. वाघापेक्षा झाडाच्या आवाजाचं भ्या वाटते.

ती धारपांची गोष्ट 'आजी', आणि तिचंही मूळ म्हणतात किंगच्याच 'ग्रॅमा' कथेत. म्हणजे किंगकडून धारप, धारपांकडून बर्वे. तिसऱ्या पायरीवर मुळातलं काय उरलं? एक म्हातारी, जी मरत नाही. बाकी सगळं इथलं. तो न थांबणारा पाऊस, वाडा, केशवपन केलेली बाई, खजिन्याचा हव्यास, लंगोटातली मोहरांची पिशवी. आणि ती कणकेची बाहुली. देवीच्या पोटी जन्मलेल्या हस्तरला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही, म्हणून तो पिठावर तुटून पडतो. भुकेल्या राक्षसापुढे कणीक टाकून मोहरा पळवायच्या, हे सुचायला दुष्काळ पाहिलेला देश लागते भाऊ.

नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. त्यात भूत नाही, पण खोतांच्या चार पिढ्या वाचून झाल्यावर माणसाचीच भीती वाटते.

तळटीप

तुंबाडचा मुद्दा मान्य. 'लुचाई'बद्दल माझं मत बदललेलं नाही. :)

कोकणकडा

कोकणातल्या भुतांची यादी द्यायला बसलो तर पावसाळा संपेल. मुंजा, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, देवचार, चकवा, बायंगी. प्रत्येकाचा हुद्दा ठरलेला. गिऱ्हा पाण्यात, चकवा वाटेवर, आणि बायंगी तर म्हणे विकत आणायचं, भरभराट व्हायला. शेजाऱ्याचं घर अचानक दुमजली झालं की कुजबुज सुरू, "हाडल्यान काय तरी."

पण पुस्तक विचाराल तर एकच सांगेन. चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा', १९६६. आरती प्रभू म्हणून कविता लिहिणारे तेच. वेंगुर्ल्याचे. कोंडुरा हे आमच्या तालुक्यातलं खरं ठिकाण आहे, खडकाच्या पोकळीत लाट शिरली की आतून घुमल्यासारखा आवाज येतो. भरतीला जाऊन उभे राहा, मग कादंबरी वेगळी वाचली जाईल. त्यातल्या माणसाला दैवी शक्ती मिळते, निदान त्याला तसं वाटतं, आणि गावालाही वाटू लागतं. ती खरी की खोटी हे खानोलकर कुठेच सांगत नाहीत. आमच्याकडे देवाचा कौल घेताना जी घालमेल होते ना, ती कादंबरीभर पुरते. श्याम बेनेगलांनी त्यावर १९७८ मध्ये सिनेमा केला. आधी पुस्तकच वाचा.

'रात्रीस खेळ चाले' आवडलेल्यांनी ह्यो वाचूकच व्हयो. तिथे मालिका संपते आणि इथे खरा विषय सुरू होतो.

विवेकी_भूत

थोडं वेगळं बोलतो, कोणी चिडू नका. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहे आणि तरी भयकथा वाचतो. लोक हसतात. पण मतकरी वाचताना मला कधी अडचण आली नाही. त्यांच्या बहुतेक कथांत भूत आहे की माणसाच्या मनातला अपराध आहे, हे वाचकाने ठरवायचं असतं. कोणी तुमच्याकडे येऊन 'हे खरं माना' म्हणत नाही.

माझी हरकत त्या गोष्टींना, जिथे शेवटी कोणीतरी अधिकारी पुरुष येतो, मंत्र म्हणतो आणि घर वाचतं. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागलेल्या राज्यात ही सवय मला जड वाटते. समर्थकथा म्हणूनच माझ्या आवडत्या नाहीत.

जुनाबाजार

विवेकी_भूत, हरकत समजली. पण शेरलॉक होम्स वाचून कोणी पोलीस ठाण्यात जायचं सोडलं नाही. समर्थ हा मांत्रिक कमी आणि डिटेक्टिव्ह जास्त आहे. रोग ओळखतो, कारण शोधतो, मग उपाय. वाचकाला आनंद त्या शोधाचा मिळतो. कागदावरच्या मंत्राला कोणी गंडा बांधून घेत नाही.

विवेकी_भूत

घेतात हो. मी पाहिलेत. पण ठीक, दोन प्रकार मानू. एकात कुणीतरी वाचवतं, दुसऱ्यात कुणीच वाचवत नाही. मला दुसरा हवा.

सांजवात

कुणीच वाचवत नाही म्हणताय तर जी. ए. कुलकर्णी. भयकथा म्हणून त्यांना कोणी वाचत नाही, आणि हेच मला पटत नाही.

'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' काढा. एक साधा प्रवासी. रात्रीच्या वेळी अडकलेला. एका मठात त्याला आदराने नेतात, जेवू घालतात, राहायला खोली देतात. सगळं नम्रपणे. आवाज चढत नाही, कोणी धमकी देत नाही. आणि मग त्याला कळतं की खोलीला बाहेर जायची वाट नाही आणि आता तोच इथला स्वामी आहे. हवं ते मिळेल. सुटका सोडून. जमिनीखालची ती खोली, हवेसाठी ठेवलेली बारीक वाट, आणि तो तिथे वाढवू पाहतो तो वेल. बस. भूत नाही, रक्त नाही, अंधारसुद्धा फारसा नाही. त्याच्याशी बोलणारा महंत इतका समजूतदार आहे की त्याचं म्हणणं पटायला लागतं, आणि आपल्याला पटतंय हे लक्षात आलं की पुस्तक खाली ठेवावं लागतं. मराठीत याच्याइतकं घुसमटवणारं मी काही वाचलेलं नाही.

भाचीलाही जीएच द्या, पण 'रमलखुणा'. १९७५. दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. कुठला देश, कुठला काळ, काही नाही. तरी एक अख्खं जग आहे. नकाशा नाही हे मान्य. मोठ्यांसाठीचं अद्भुत मराठीत नाही असं म्हणणाऱ्यांच्या हातात मी हे पुस्तक ठेवते आणि गप्प बसते.

पारावरचा_मुंजा

सांजवातताई, नववीतल्या मुलीला जीए? पोरगी परत मराठीकडे फिरकायची नाही.

सांजवात

मी नववीतच वाचले. फिरकले की.

टेक्सासची_काकू

नमस्कार मंडळी, इकडे सकाळ आहे. अद्भुताच्या यादीत माझी भर.

उर्सुला ल गुइन, 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८. भाचीला नकाशा हवाय ना, भरपूर बेटांचा नकाशा आहे. पुस्तक लहान, आणि नायक गोरा नाही, हेही त्या काळात विशेषच. त्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरं नाव आहे. ते कळलं की तुमची तिच्यावर सत्ता. म्हणून माणसं आपलं खरं नाव जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. हे वाचताना मला सारखी माझी आजी आठवली. आजोबांचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची नाही, आणि रात्री सापाला साप म्हणू द्यायची नाही, 'लांबडं' म्हणायचं. वर मुंजाने हाकामारी लिहिलंय, ती तरी काय करते? नाव घेऊन बोलावते, ओ दिलीत की संपलं. ल गुइनची जादू आपल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

सुझाना क्लार्कची 'पिरानेसी' (२०२०) तुमच्यासाठी, वाळवी. न संपणारी दालनं, पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्राची भरती-ओहोटी, आणि एकटा राहणारा एक सज्जन माणूस. एवढंच सांगते. मागचं कव्हरही वाचू नका.

शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) भयात. घर झपाटलेलं की बाई, हा वाद आमच्या इथल्या वाचन गटात अजून मिटलेला नाही.

जॉर्ज मार्टिनची बर्फ-आगीची मालिका सुरू करू नका. पाचवा भाग २०११ साली आला, सहाव्याची वाट बघता बघता माझी मुलगी कॉलेजला गेली.

वाळवी

काकू, नावाचं भारीच! भाचीला वाचून दाखवलं, तिने लगेच तिचं 'खरं नाव' कोणालाच सांगणार नाही असं जाहीर केलं.

पण मला अजून एक कळत नाही. भय मराठीत एवढं पिकतं, मग अद्भुत का नाही? राक्षस आहेत, यक्ष आहेत, वेताळ आहे. कच्चा माल घरात पडून आहे.

जुनाबाजार

याचं उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

सुरुवातीला अद्भुत भरपूर होतं. मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या बघा. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. राजकन्या, विरह, योगायोगांची माळ. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या. वाचक खूश होता. मग आले हरिभाऊ आपटे. १८८५ मध्ये 'मधली स्थिती', पुढे 'पण लक्षात कोण घेतो'. विधवेचं केशवपन हा विषय समोर असताना विमानात बसलेल्या राजकन्येचं काय करायचं? सुधारणेच्या काळाला ती पोरकट वाटली असणार, आणि त्या काळाचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून गंभीर लेखक म्हणजे वास्तववादी लेखक हे जे बसलं ते बसलंच. अद्भुत गेलं मुलांच्या कपाटात. शेजारी हिंदीत बघा, १८८८ मध्ये 'चंद्रकांता' आली, तिलिस्म (जादूचे भुलभुलैये) आणि ऐयार (वेषांतर करणारे हेर) घेऊन, आणि ती वाचायला लोक म्हणे हिंदी शिकले. आपल्याकडे तसं लोण पसरलंच नाही.

मुलांच्या कपाटात मात्र ते जोरात जगलं. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेला विक्रम, हातात तलवार, मागे झाडाला लोंबणारी भुतं, शंकर यांचं ते चित्र बघून आमच्या पिढीची झोप गेली. आणि रंगभूमीवर मतकरींचंच 'अलबत्त्या गलबत्त्या', त्यात दिलीप प्रभावळकरांची चिंची चेटकीण. भयकथांचा बादशहा मुलांना चेटकिणीवर हसायला शिकवत होता.

भय का वाचलं? माझा अंदाज असा की भयाला घर पुरतं. माजघर, विहीर, वाडा, भाऊबंदकी. वास्तववादी लेखकाकडे हे सामान आधीच होतं, त्यात एक सावली घातली की झालं. अद्भुताला राज्य लागतं, भूगोल लागतो, नवी भाषा लागते. तेवढी पानं छापणारा प्रकाशकही लागतो.

तळटीप

प्रकाशकाचा मुद्दा सर्वांत खरा. दिवाळी अंकांनीही लघुकथेला पोसलं. 'नवल' आणि 'धनंजय' यांनी गूढकथा वर्षानुवर्षं छापल्या. त्या पानांत भूत मावतं, राज्य मावत नाही. जुने अंक मिळाले तर घ्या, वाळवी. संग्रहात न आलेल्या चांगल्या कथा त्यातच पडून आहेत.

बडोदेकर

आमच्या गुजरातेतून एक. रवींद्रनाथांची 'क्षुधित पाषाण', १८९५. बंगाली भयकथा, पण घडली इकडे. सतरा वर्षांचे रवींद्रनाथ थोरले बंधू सत्येंद्रनाथांकडे अहमदाबादला राहिले होते. बंधू न्यायाधीश, बंगला म्हणजे शाहीबागेतला मोगलाई महाल. भाऊ कोर्टात गेले की एवढ्या मोठ्या महालात हे एकटे, खाली साबरमती. त्या दुपारींतून ही कथा आली. कापसावरचा कर गोळा करणारा एक सरकारी माणूस ओसाड महालात उतरतो आणि रोज संध्याकाळी महाल जागा होतो. दिवसा कोट-टोपी, रात्री शतकांपूर्वीच्या कुणाचातरी प्रियकर. तो महाल अजून आहे, सरदार पटेलांचं स्मारक आहे त्यात. आम्ही सहलीला गेलो होतो तेव्हा गाइडने सरदारांबद्दल सगळं सांगितलं, या गोष्टीबद्दल अक्षर नाही.

बंगालीतच विभूतिभूषणांचा तारानाथ तांत्रिकही शोधा. समर्थ आवडणाऱ्यांना आवडेल. तारानाथ मात्र हरलेला आहे, शक्ती गमावून हात बघून पोट भरतो. विवेकी_भूत, तुम्हालाही चालेल.

विवेकी_भूत

हरलेला तांत्रिक! हा आमचा माणूस. धन्यवाद.

मांडवीकाठ

गोव्यातून राम राम. कोकणकडा यांच्या देवचाराला आमच्याकडे राखणदार म्हणतात. शेताच्या बांधावर, मानसीवर (खाडीचं पाणी अडवणाऱ्या दारावर) त्याची जागा. रोट, विडी, थोडी सोरो (दारू) ठेवायची. रात्री काठी आपटत फेरी मारतो अशी समजूत. त्याची भीती वाटत नाही कुणाला, वचक असतो. आणि तो धर्म विचारत नाही, ख्रिस्ती घरांतूनही त्याला ठेवतात. भाचीला सांगा, ड्रॅगन खजिना राखतो, आमचा शेत राखतो, आणि पगार विडीवर भागतो. कुणीतरी याच्यावर कादंबरी लिहा रे.

वऱ्हाडी_ठेचा

लिहा रे म्हणण्यापेक्षा तुम्हीच लिहा ना भाऊ. सुरुवात तर झालीच.

सांजवात

वाळवी, जुनाबाजार यांनी १८६१ पासून सुरुवात केली, मी त्याहून मागे नेते. भाचीला ही गोष्ट सांगा, पैठणची आहे.

सातवाहन राजाच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित. राजाला संस्कृत शिकवायला सहा वर्षं लागतील म्हणाला. दुसरा पंडित म्हणाला, सहा महिने पुरे. गुणाढ्य पैज लावून बसला, तसं झालं तर मी संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडेन. आणि तसं झालं. मग गडी मुकाट विंध्यात निघून गेला. तिथे पिशाचांच्या तोंडून त्यांची भाषा शिकला, आणि त्या पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची 'बृहत्कथा' लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाकडे पाठवली तर राजाने नाक मुरडलं. पिशाचांची भाषा, रक्ताची अक्षरं, शी! तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर कुंड पेटवलं आणि एकेक पान वाचायचं नि आगीत टाकायचं असं सुरू केलं. ऐकायला जंगलातली जनावरं जमली. हरणं, रानडुकरं, चरायचं विसरून, डोळ्यांत पाणी. इकडे राजवाड्यात मांस बेचव यायला लागलं. खाटकांना विचारलं, तर जनावरं वाळली आहेत. का वाळली? कोणी एक ब्राह्मण गोष्टी वाचतोय. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेलेले. एक लाख वाचले.

पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या राणी सूर्यमतीसाठी सोमदेवाने त्या परंपरेतून 'कथासरित्सागर' रचला. विक्रम-वेताळाच्या पंचवीस गोष्टी त्यातच आहेत. उडणारी यंत्रं, विद्याधर, समुद्रातली शहरं, चेटकिणी, गोष्टीच्या पोटात गोष्ट. मराठी अनुवाद मिळतो. नकाशा हवा असेल तर भाचीलाच काढायला सांगा, मजकूर भरपूर आहे.

पारावरचा_मुंजा

चरायचं विसरलेली हरणं! ताई, ही गोष्ट मला कोणी शाळेत का नाही सांगितली? पैठण म्हटलं की आम्हाला फक्त नाथसागर आणि पैठणी.

टेक्सासची_काकू

नकाशावरून आठवलं. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मराठी अनुवाद आहे बरं का, 'स्वामी मुद्रिकांचा', मुग्धा कर्णिक यांचा. तीन खंड. मी गेल्या भारतवारीत आणला. सुरुवातीला हॉबिट मंडळी मराठी बोलताना कानाला जरा वेगळं लागतं, पन्नास पानांनंतर सवय होते. लढाईची वर्णनं मराठीत छान चढतात, आपल्याला पोवाड्याची सवय असल्यामुळे असेल. मुलीने इंग्रजी वाचलं असेल तर शेजारी ठेवून वाचायला द्या.

तळटीप

सुहास शिरवळकरांची 'समांतर' राहिली. वेब सिरीज २०२० मध्ये आली, कादंबरी आधीची. आपलं आयुष्य दुसऱ्या कोणीतरी आधीच जगून झालंय आणि त्याच्याकडे त्याच्या डायऱ्या आहेत, ही कल्पना. भय की अद्भुत ते तुम्ही ठरवा. उसनी नाही एवढं माझ्यासाठी पुरे.

आणि अरेबियन नाइट्स हवं असेल तर लहान मुलांची छोटी आवृत्ती घेऊ नका. गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजीवरून केलेले सोळा खंड शोधा. मराठी इतकं सहज वाहतं की अनुवाद वाचतोय हे विसरायला होतं.

वाळवी

सोळा! कपाटच घ्यावं लागेल. पण हेच हवं होतं. भाचीच्या वाढदिवसाला सगळा संच देऊन टाकते.

जुनाबाजार

ताई, थांबा. संच देण्याआधी पहिला खंड स्वतः चाळा. बर्टन आहे तो. त्याने काहीही गाळलेलं नाही आणि गौरीबाईंनीही नाही.

वाळवी

चाळला. सोळाही खंड माझ्या खोलीत राहतील. तिला अर्थसी आणि कथासरित्सागर. कथासरित्सागरातही असं काही आहे का, ते आधीच सांगून टाका.

सांजवात

आहे. पण संस्कृतात आहे म्हटलं की घरचे विचारत नाहीत.